सुध्यास, रडण्याच्या प्रकरणाविषयी

सुध्या,

गुडघा आहे तसाच आहे, शुगर बरी आहे. हे विषय संपले.

परवाच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, मुलीचं पत्र वाचताना मी खरोखर रडलो रे. घसा दाटला, दोन वाक्यं पोटातच राहिली. विंगेत आलो, वाटलं आज जमलं! तर अण्णा चहा ढवळत विचारतो, "सर्दी झालीय का?" त्यानंतरच्या प्रयोगात पाठीमागचा फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) हलत होता, माझं सगळं लक्ष तो डोक्यात पडतो का याच्याकडे. आवाज, थांबे, हात, सगळं सवयीनं झालं. आणि प्रेक्षकांत हुंदके! वहिनींना हे वाचून दाखवू नकोस, त्या मला वर्षभर सोडणार नाहीत.

नटानं खरंच रडावं का, याच मुद्द्यावर सांगलीच्या स्टँडसमोर तू मला "कोरडा" म्हणाला होतास, आणि मी तुला "रडका". आता मीच रडका झालो आणि पडलो, मग तू कुठे बसतोस ते सांग.

रात्री झोप येत नाही म्हणून इंग्रज नट हेन्री आयर्व्हिंगविषयी वाचतो. 1871 साली लंडनच्या लायसियममध्ये त्यानं 'द बेल्स'मधला मथायस उभा केला. पूर्वी केलेला खून पचवून प्रतिष्ठित झालेला गृहस्थ. घरात गप्पा चाललेल्या, हा वाकून बुटांची बक्कलं लावतोय, आणि घसरगाडीच्या घंटा फक्त त्याला ऐकू येतात. हात थबकतो. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एलन टेरीनं लिहून ठेवलंय की तो क्षण आला की तो दर वेळी पांढराफटक पडायचा, त्यात काही युक्ती नव्हती. दर वेळी! ही भूमिका त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. 12 ऑक्टोबर 1905 ला ब्रॅडफर्डला मथायस केला, दुसऱ्या रात्री बेकेटची भूमिका करून आला आणि गेला.

म्हणजे तुझी बाजू? थांब. तोच माणूस फ्रेंच विचारवंत दिदरोच्या अभिनयावरच्या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला 1883 मध्ये प्रस्तावना लिहितो. नटाला काही वाटता कामा नये, हे दिदरोचं म्हणणं तो मान्य करत नाही. पण नटाचं मन दुहेरी असतं म्हणतो. भावना पूर्ण जोरात, आणि त्याच वेळी कारागिरीच्या प्रत्येक बारकाव्यावर नजर. तिकडे फ्रेंच नट कोक्लां भांडतोय की नटानं स्वतःवरचा ताबा सोडायचाच नाही. 1888 मध्ये नाट्यसमीक्षक आर्चरनं तर नटनट्यांना प्रश्न पाठवून त्यांच्या उत्तरांवर पुस्तकच केलं: खरे अश्रू येतात का, वगैरे. जुन्या इंग्रज नटाचा, मॅकरेडीचा, किस्सा मला सगळ्यांत आवडला. शायलॉक म्हणून रागानं प्रवेश करायचा, तर विंगेत पुटपुटत शिव्या देत भिंतीला टेकवलेली शिडी गदागदा हलवायचा. आपल्याकडे हे केलं तर लाइटवाला वरून खाली येऊन आपल्यालाच हलवेल.

तू लगेच गणपतराव जोशींचा हॅम्लेट काढशील. काढ. पण आपण दोघांनी तो पाहिलेला नाही, तेव्हा पुरावा म्हणून चालणार नाही.

माझा घोळ असा की माझ्यात ते दुहेरी मन नाही. एका वेळी एकच खिडकी उघडते. रडलो तर शब्द गिळतो. शब्द सांभाळले तर मनात फ्लॅट. दिग्दर्शक पोरगा (पंचवीसचाही नसेल) म्हणतो, "काका, कालच्यासारखंच पक्कं करा." पक्कं काय करू, भीती? आणि लोकांच्या हुंदक्यांचा मला राग आला, हे कोणाला सांगू? मी तिथे नव्हतोच, आणि ते माझ्यासाठी रडत होते.

बाकी, घराचा ताबा मिळाला का? धाकट्याचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन, आहेर घेऊन येतोच. पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयोग आहे. तिकीट काढून ठेवतो, शेवटच्या रांगेतलं; तिथपर्यंत काय पोचतं ते फोनवर नको, समोर बसून सांग. आणि मला आधी सांगू नकोस की तू आला आहेस, नाहीतर मी तुझ्यासाठीच रडेन.

तुझा,
बंड्या