तुलना टायरपासून सुरू करा

महोदय,

वाहनविषयक पुरवण्यांत अधूनमधून एखादी आलिशान कूपे (दोन दारांची स्पोर्टी गाडी) आणि एखादी किफायतशीर हॅचबॅक (डिकीचा वेगळा भाग नसलेली छोटी गाडी) शेजारी शेजारी उभी केली जाते. खाली ठरलेला तक्ता असतो. बीएमडब्ल्यू एम४ काँपिटिशन : ५३० अश्वशक्ती, शून्य ते शंभर साडेतीन सेकंदांत. मारुती अल्टो के१० : ६७ अश्वशक्ती. निकाल वाचायचीही गरज उरत नाही. पण सपाट रस्त्यावर ताशी १०० चा वेग नुसता टिकवायला दोघींनाही साधारण १५ ते २५ अश्वशक्तीच पुरते. कूपेची उरलेली पाचशे बॉनेटखाली बसून असते.

तक्त्यात कधीच न येणारा आकडा टायरवरच छापलेला असतो. कूपेचा मागचा टायर २८५/३० आर२०. २८५ मिलिमीटर रुंदीच्या ३० टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायरची भिंत जेमतेम ८५ मिलिमीटर. अल्टोचा टायर १४५/८० आर१३, भिंत ११६ मिलिमीटर. आता वजन पाहा : कूपे पावणेअठरा क्विंटल, अल्टो साडेसातच्या आसपास. दुपटीहून जास्त भार आणि गादी मात्र पातळ. खड्ड्याच्या धारेवर टायर रिमखाली चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला अंड्याएवढा फोड येतो. त्यावर इलाज नाही, टायर बदलायचाच. रिमला बाक आला तर ८० च्या पुढे गाडी थरथरते. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे अदलाबदल करून झीज वाटून घेता येत नाही. स्टेपनी नसते. सोबतचे सीलंट (पंक्चर बुजवायचे द्रव) खिळ्याच्या भोकाला चालते, फाटलेल्या भिंतीला नाही. चारही चाकांना ताकद जाणारी ही गाडी दोन चाके उचलून ओढायची नसते, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, फ्लॅटबेड, मागवा. अल्टोचे चाक लहान असल्याने ते खड्ड्यात जास्त खोल जाते, हे खरे. पण तिची लोखंडी रिम पंक्चरवाला ठोकून सरळ करतो.

गतिरोधकाचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गल्लोगल्ली असतो तो हातभर रुंदीचा उंचवटा. जमिनीपासून सुमारे १२ सेंटीमीटरवर तळ असलेली कूपे तो तिरकी घेऊनच ओलांडते. सरळ घेतली की खालच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटल्याच समजा.

अल्टोचे दोषही मोघम सांगून भागत नाही. चार माणसे, सामान, एसी चालू आणि घाटाचा चढ. ८९ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढ देणारा जोर, ३५०० आरपीएमला (मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर) मिळतो, तेव्हा तिसऱ्यात रेटत बसण्यापेक्षा वेळीच दुसरा टाकावा. एजीएस (आपोआप गिअर बदलणारी) गाडी वळणाच्या मधोमध वरचा गिअर घेते, म्हणून घाटात मॅन्युअल मोडच बरा. उतारावरही गिअरवरच उतरावे : पुढे साध्या डिस्क, मागे ड्रम, सतत दाबले की तापून ब्रेक मऊ पडतात. कूपेला पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क आहेत; ब्रेक आणि ओव्हरटेक या दोन बाबतींत तिला तोड नाही. सुरक्षिततेत तर अल्टो उघडच मागे : ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या अपघात-चाचणीत पाचपैकी प्रौढांसाठी दोन तारे, मुलांसाठी शून्य. सहा एअरबॅग २०२५ मध्ये आल्या.

पैशांचे थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के जीएसटी, कूपेवर ४०. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, आयात गाडीला २० टक्के, कमाल ३० लाख. २०२४ मध्ये १ कोटी ५३ लाखांना आलेली ही कूपे त्या मर्यादेच्या आसपास पोहोचते. तेवढ्या टॅक्समध्ये सहा-सात अल्टो दारात उभ्या राहतील.

पुढच्या तक्त्यात चार रकाने वाढवावेत, ही विनंती : टायरचे माप, स्टेपनी आहे की नाही, तळाची उंची आणि चार माणसांसह एसी लावून ८० वरून १०० ला जायला लागणारा वेळ. शेवटच्या रकान्यासाठी गाडी प्रत्यक्ष चालवावी लागेल.

– मोटार दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, चिंचवड