ओंकार, या वेळी दोन तिकिटं काढून ठेव

प्रिय ओंकार,

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, नाटक, म्युझियम वगैरे मला काही कळत नाही गं, आणि शनिवार-रविवार मला नुसती झोप काढायची असते." तेव्हा मी काही बोलले नाही, तू ऑफिसच्या कॅबमध्ये होतास आणि मागं हॉर्न वाजत होते. पण ते "कळत नाही" माझ्या डोक्यातून गेलंच नाही बघ. बाबा जेवून दुकानात गेलेत, भांडी घासून झालीत, म्हणून बसले लिहायला. लांबेल जरा, चहा घेऊन वाच.

मलापण काही कळत नव्हतं रे. आम्हाला शाळेतून म्युझियम बघायला न्यायचे तर दोघीदोघींचे हात धरून रांगेत, पुढं चला पुढं चला, हात लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दहा ओळींचा निबंध. त्यामुळं म्युझियम म्हणलं की मला तलवारी नाही आठवायच्या, निबंध आठवायचा. आणि नाटक म्हणजे आजोबांचं, त्यांची नाट्यगीतं रेडिओवर लागायची आणि आम्ही आवाज कमी करायचो. लग्न झालं, मग तू झालास, बँकेची नोकरी, त्यात कुठलं नाटक आणि कुठलं काय. वय एकोणपन्नास होईपर्यंत मी पैसे देऊन, स्वतःहून, एकही नाटक बघितलं नव्हतं, हे तुला माहीत आहे का?

तू पुण्याला इंजिनिअरिंगला गेलास त्या वर्षी घर एकदम रिकामं झालं. संध्याकाळी सात वाजले की काय करायचं कळायचं नाही, हात आपोआप तीन माणसांची कणीक मळायचे. एक दिवस बँकेतली मैत्रीण म्हणाली, एक तिकीट जास्तीचं आहे, केशवरावला येतेस का, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात. गेले. तिसरी रांग, अगदी मधली खुर्ची. तिसरी घंटा झाली, लाईट गेले, आणि मला एकदम धडधडायला लागलं, का ते मला आजसुद्धा सांगता येणार नाही.

नाटक दोनच पात्रांचं होतं. नवरा-बायको, एक बैठकीची खोली, बस. त्यात एका ठिकाणी तिला फोन येतो, पलीकडून काहीतरी वाईट बातमी आहे, आणि नवरा समोर पेपर वाचत बसलाय, त्याला कळू द्यायचं नाहीये. ती अगदी शांत आवाजात "हो... बरं... नाही, जेवणं व्हायचीयेत अजून" असं बोलत होती. चेहऱ्यावर काहीच नाही. पण केशवरावचं स्टेज उंच, तिसऱ्या रांगेतून पाय डोळ्यांच्या सरळ रेषेत येतात, आणि माझं लक्ष तिच्या साडीच्या निऱ्यांकडं गेलं तर त्या थरथरत होत्या. खाली, काठाजवळ, बारीक. वरती आवाज शांत आणि खाली निऱ्या थरथरतायत. मी शेजारी मैत्रिणीचा हात धरला आणि तिनंपण माझा धरला, म्हणजे तिलापण दिसलं होतं! सिनेमात असतं तर कॅमेरा तिच्या तोंडावर गेला असता आणि आपण सगळ्यांनी तेच बघितलं असतं. इथं कुठं बघायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मी शोधलं होतं. घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत मला झोप नाही. आता तू सांग, यात मला काय "कळायचं" होतं? मला नुसतं दिसलं.

त्यानंतर मी सोडलंच नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आली की रोज संध्याकाळी डबा करून ठेवायचा आणि जायचं. हौशी लोकांची नाटकं असतात ती, दिवसभर कुणी शाळेत शिकवतं, कुणी दुकान चालवतं, आणि महिनोन् महिने रात्री तालमी करून एक प्रयोग, त्यातलं एखादं इतकं सुंदर असतं की वाटतं हे एवढ्याच लोकांनी बघायचं का. आपल्या मागच्या गल्लीतला मेडिकलवाला, जो तुला लहानपणी खोकल्याचं औषध द्यायचा, त्याला मी एका वर्षी मुलाला ओळखत नसलेल्या म्हाताऱ्या बापाच्या कामात बघितलं. दुसऱ्या दिवशी बीपीच्या गोळ्या आणायला गेले तर मला त्याच्याशी नीट बोलताच येईना, नुसतं म्हणलं, काल बघितलं तुमचं. तो गोळ्या कापत होता, हात थांबला त्याचा. म्हणाला, "वैनी, कुणीतरी बघितलं म्हणायचं." आणि पैसे घ्यायला विसरला, मी परत बोलावून दिले. हे मी अजून विसरले नाही.

आणि मग ८ ऑगस्ट २०२४, आपलं केशवराव थिएटर जळालं. त्या रात्री तू मला फोन केला होतास ना, आई बातम्या बघ म्हणून. मी सकाळी गेले होते तिथं, तुला सांगितलं नाही कारण सांगताना रडू आलं असतं. रस्त्यापर्यंत जळक्या लाकडाचा वास. पोलिसांनी पट्ट्या लावल्या होत्या आणि पलीकडं लोक नुसते उभे होते, नट होते, बॅकस्टेजची पोरं होती, रिक्षावालेपण होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि दिवस कुठला तर ९ ऑगस्ट, ज्या गायक-नटाचं नाव त्या थिएटरला आहे त्या केशवराव भोसल्यांचा जन्मदिवस. शाहू महाराजांनी ते थिएटर १९१५ साली उभं केलं, पॅलेस थिएटर म्हणायचे तेव्हा, शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. एका बाजूला पैलवान, एका बाजूला नट, दोन्ही शेजारी शेजारी असावेत असं त्या राजाला वाटलं. केशवराव आपल्या कोल्हापूरचे, १८९० चा जन्म. जुलै १९२१ ला मुंबईत त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून 'मानापमान' या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, टिळक स्वराज्य फंडासाठी, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते फक्त. तुझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. आजोबा हे सगळं सांगायचे तेव्हा मी आवाज कमी करत होते, ते आता आठवतं आणि वाईट वाटतं.

तिथं उभं राहिल्यावर मला एकच वाटत होतं, बरं झालं मी बघून घेतलं. त्या निऱ्या आता कुठंच नाहीत, ना व्हिडिओत, ना फोटोत, माझ्या आणि त्या मैत्रिणीच्या डोक्यात आहेत तेवढ्याच. लॉकडाऊनमध्ये तू मला फोनवर नाटकांच्या लिंक पाठवायचास, मी बघायची, प्रेमानं पाठवायचास म्हणून बघायची, पण खरं सांगू का, तो प्रयोग झालेला असतो. आपण तिथं नसतोच. आपण हसलो काय, श्वास रोखला काय, त्या माणसाला काही पोचत नाही.

चित्रांचं मात्र मला नाटकामुळं लागलं. कुठंतरी वाचलं की आपले बाबूराव पेंटर, पुढं सिनेमा काढणारे, ते आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, केशवरावांच्या कंपनीसाठीपण. म्हणजे हा महाल, हे जंगल, हा रस्ता, सगळं कापडावर, आणि त्यापुढं माणसं गाणार. मग म्हणलं आपल्याच गावात एवढे चित्रकार होऊन गेले, आबालाल रहिमान झाले, आणि मी पन्नाशीपर्यंत एक चित्र धड थांबून बघितलं नाही.

ते धड थांबून बघितलेलं पहिलं चित्र तुझ्याचमुळं. तू बेंगळुरूला गेलास त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही आलो होतो आणि तू आम्हाला म्हैसूरच्या टूर बसमध्ये बसवून दिलंस, आठवतंय? सगळ्यांनी मोठा राजवाडा बघितला. नंतर जगनमोहन पॅलेसला नेलं, तिथं चित्रं आहेत म्हणून. गाईड म्हणाला वीस मिनिटं. त्यात एक अंधारी खोली आणि आत एकच बाई दिवा घेऊन उभी. तू चित्र बघितलेलं आहेस, कॅलेंडरवर, आजीच्या घरी देवघराशेजारी होतं ते. मीपण राजा रविवर्म्याचं समजत होते. खाली नाव वाचलं तर स. ल. हळदणकर. सावंतवाडीचे! सावळाराम लक्ष्मण हळदणकर, आणि चित्र जलरंगातलं. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा हात मारता येतो, जलरंगात असं नाही चालत, उजेड हवा तिथं कागद तेवढा राखून ठेवायला लागतो, एकदा रंग गेला की गेला.

मी तिथं उभी राहिले. बाई एका हातात दिवा धरते आणि दुसरा हात ज्योतीपुढं आडवा धरलाय, वाऱ्यानं विझू नये म्हणून. आणि त्या हाताची बोटं आतून लाल दिसतात. आपण लहानपणी बॅटरीवर तळहात ठेवायचो ना, तशी. दोन बोटांच्या मधल्या फटीतून उजेड थोडा जास्त येतो, तिथं रंग वेगळा. चेहऱ्यावर उजेड खालून. मला एकदम आठवलं, लोडशेडिंग असायचं आणि तू अभ्यासाला बसलेला असायचास, मी स्वयंपाकघरातून मेणबत्ती घेऊन यायची तेव्हा माझा हात असाच असायचा. वीस मिनिटं मी तिथंच काढली. बाकीची चित्रं बघितली नाहीत, बाबा शोधत आले, बस हॉर्न देत होती, आणि मला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही.

पुढचं ऐक. घरी आल्यावर कळलं की त्या चित्रासाठी उभी राहिली होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. आणि ती कुठं राहायची? कोल्हापुरात. आपल्या कोल्हापुरात, १०२ वर्षं जगून २०१८ साली गेली. कधी भाजी घेताना, कधी रंकाळ्यावर माझ्या शेजारनं गेली असेल, मला काय माहीत.

म्हणून तुला सांगते, मोठेपणी हे सगळं बघण्यात जे सुख आहे ते शाळेत नव्हतंच. आता कुणी निबंध मागत नाही. आत गेलास आणि एकाच चित्रापुढं बसलास तरी तिकीट वसूल, पाच मिनिटांत बाहेर आलास तरी कुणी विचारत नाही. सगळं बघायला जाऊ नकोस, पाय दुखतात आणि काही लक्षात राहत नाही. पहिली एक चक्कर भराभर मार, जिथं पाय आपोआप थांबेल तिथं परत ये, आणि मग पाटी वाचायच्या आधी बघ. उजेड कुठून येतोय, माणसाचे हात काय करतायत, एवढंच बघ. पाटी नंतर. आणि फोटो काढायचा असला तर सगळ्यात शेवटी काढ, आधी काढलास की डोळे सुटतात.

तू राहतोस त्या गावात तर किती आहे. पॅलेस रोडला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जुना बंगला आहे आणि बाहेर मोठी झाडं, तुला झाडं आवडतात. कस्तुरबा रोडला ते मॅप नावाचं नवीन म्युझियम आहे, २०२३ ला सुरू झालेलं, चित्रं आणि फोटो दोन्ही. आणि जेपी नगरला रंगशंकरा थिएटर. ते अरुंधती नाग यांनी २००४ मध्ये उभं केलं, त्यांचे यजमान शंकर नाग यांच्या आठवणीत, आणि ती दोघं मुंबईत मराठी नाटकात काम केलेली माणसं, म्हणजे तिथं जाताना अगदी परकं वाटून घेऊ नकोस. तिथं एक नियम आहे, उशीर झाला की आत सोडत नाहीत, कोणी का असेना. मला तो नियम फार आवडला. तुझ्या सगळ्या मीटिंगा पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतात म्हणतोस ना, एखादी जागा तरी अशी असू दे.

तू थकतोस हे मला कळतं. आवाजावरून कळतं. शनिवारी दुपारी दोनला फोन केला तरी तुझा आवाज झोपेतला असतो आणि तरी तू म्हणतोस झोप झाली नाही. ती झोप नाही रे, रात्री तीनपर्यंत मोबाईल बघत पडलेला असतोस, मला माहीत आहे. मी रागावत नाही. मलापण ते वर्ष आठवतं, रिकाम्या घरात टीव्ही लावून बसायचे आणि काय बघितलं ते सकाळी आठवायचं नाही. मला कुणीतरी जास्तीचं तिकीट दिलं म्हणून मी उठले. तुला कोण देणार तिथं, म्हणून मीच येतेय.

बाबांना गणपतीच्या आधी दुकान सोडता येत नाही, मी एकटीच येते, मिरजेहून रात्रीच्या गाडीनं, गुरुवारी निघते. शेंगदाण्याची चटणी आणि तिखट आणते, आणखी काय हवं ते मंगळवारपर्यंत सांग. शनिवारचं नाटक बघून ठेव, कन्नड असलं तरी चालेल, तू मला मधेमधे सांगू नकोस, मी बघते माझं. तिकिटं दोन काढ. आणि त्या दिवशी तासभर आधी निघूया म्हणजे पुढं बसायला मिळेल, पुढून पाय दिसतात.

तुझी,
आई