दोल्चे व्हियाच्या खडीवरून: ल्योंच्या ताईंना आभाराचं पत्र

ताई, स. न. वि. वि.

फ्रान्सच्या आर्देश जिल्ह्यातल्या दोल्चे व्हिया या सायकलवाटेबद्दल आम्ही चार ओळींत विचारलं होतं आणि तुम्ही पानंच्या पानं लिहून पाठवलीत. त्याचे आभार तुम्हाला कळवून झालेत. तरी हे उघडं पत्र लिहितोय, कारण पुण्या-नाशकाकडून किंवा तिकडे शिकायला राहिलेल्यांपैकी कुणी त्या वाटेला जाणार असेल, तर तुमचं सांगणं त्यांच्याही हाती पडावं.

“ही वाट आगगाडीची आहे असं समजून बेत आखा,” हे तुमचं पहिलं वाक्य. बाकी सगळं त्यातूनच उलगडत गेलं. व्हिव्हारेची (आर्देशचं हे जुनं नाव) मीटरगेज गाडी ३१ ऑक्टोबर १९६८ ला बंद झाली आणि पुढे तिच्या रुळांच्या जागी दाबलेल्या बारीक खडीची वाट आली. ऱ्होन नदीकाठच्या ला व्हूल्तपासून एरिउ नदीच्या दरीतून ल शेलार, तिथून एक फाटा वर सँ-आग्रेवला आणि दुसरा लामास्त्रला. सगळं मिळून सुमारे ९० किलोमीटर. गाडीला चढ झेपावा म्हणून जे केलं त्याचा फायदा आज सायकलवाल्याला मिळतो. चढ साधारण तीन टक्क्यांच्या आत, वळणं सावकाश, आणि रस्त्याच्या थोड्या ओलांडण्या सोडल्या तर मोटारींशी संबंध नाही.

पण गाडी दरीच्या तळाने जायची आणि बरीच गावं डोंगरावर, हे नकाशावर पटकन लक्षात येत नाही. शालाँसों हे त्याचं नमुनेदार उदाहरण. जुन्या स्टेशनाला गावाचं नाव, आणि गाव तिथून तीनशेहून जास्त मीटर उंचावर. पाव आणायला म्हणून वर चढलात तर दिवसाची खरी चढण तिथेच होते. म्हणून खरेदी लेझ-ओलिएर, सँ-सोव्हर-द-मोंताग्यु, ल शेलार आणि सँ-मार्तँ-द-व्हालामास या वाटेला लागूनच असलेल्या गावांत उरकायची, हा तुमचा नियम आम्ही जसाच्या तसा पुढे सांगतो. त्यातही दुपारी बारा ते अडीच दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळंच बंद, आणि बेकरीचा सुट्टीचा वार दारावर लिहिलेला असतो. पाण्यासाठी दफनभूमीच्या फाटकाजवळचा नळ शोधायचा ही युक्ती तुमच्याकडूनच कळली. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही, एवढं मात्र पक्कं.

दिशेबद्दल तुमचं मत ठाम होतं: खालून वर. ला व्हूल्त समुद्रसपाटीपासून साधारण १०० मीटरवर, ल शेलार साडेचारशेच्या आसपास, सँ-आग्रेव हजाराच्या वर. ल शेलारपर्यंत एक टक्काही चढ जाणवत नाही. पुढच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये मात्र सहाशे मीटर चढायचे. वर नेऊन सोडणारी नेहमीची रेल्वे नाही. ल्योंहून येणाऱ्याने व्हालाँसला उतरावं आणि व्हिआऱ्होना या ऱ्होनकाठच्या सायकलवाटेने साधारण वीस किलोमीटर दक्षिणेला यावं. मिस्त्राल वाहत असेल तर तो उत्तरेचा वारा पाठीशी राहतो. परतताना तोच छातीवर घ्यायचा नसेल तर ऱ्होन ओलांडून लिव्हरोंचं स्टेशन गाठावं. लामास्त्र ते तुर्नों या टप्प्यावर सायकलवाट नाही याचं कारणही तुमच्यामुळे कळलं: तिथले रूळ अजून शाबूत आहेत आणि त्यांवरून पर्यटकांची गाडी धावते. ती रोज नसते, तेव्हा वेळापत्रक आणि सायकल नेण्याची सोय आधी विचारून घ्यावी. तेजेव्हे या वेगवान रेल्वेत सायकल पिशवीत भरून न्यायची तर पिशवी १३० गुणिले ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

आता टायर. सगळ्यांत जास्त वाद यावरच घातला गेला आणि शेवटी तुमचंच खरं ठरलं. खालच्या भागात खडी इतकी बारीक की ३५ मिमी रुंदीचं टायरही चालतं. सँ-मार्तँच्या वर ती जाड होते आणि मधल्या पट्ट्यात सुटी राहते, म्हणून ४० मिमी. माणूस पंचाहत्तर किलोचा आणि सामान दहा किलो असेल तर ट्यूबलेसमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात. ट्यूब असेल तर पाच-सहा पीएसआय वाढवायचे, नाहीतर टोकदार दगडावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हवा जास्त भरली की वेग वाढतो असं वाटतं खरं. खडीवर उलट चाक उडतं आणि ताकद धक्क्यांत वाया जाते.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधली भोकं बुजवणारा द्रव, प्रत्येक चाकात ६० मिली, दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालायची. वाटेकडेची काटेरी झुडपं यंत्राने छाटली की काटे खडीवर पडतात. ट्यूबलेस ते गुपचूप पचवतं, आणि तिथेच फसगत होते. मोठी चीर पडून शेवटी ट्यूब घालायची वेळ आली की टायरमध्ये आधीच रुतलेले काटे नव्या ट्यूबला पाच मिनिटांत भोकं पाडतात. टायर आतून फडक्याने गोल पुसायचा, फडकं अडकेल तिथला काटा चिमट्याने काढायचा, मगच ट्यूब. बोट फिरवू नका, हे तुम्ही लाल शाईत लिहिलं होतंत!

गिअरचं गणित वाटेपेक्षा वाटेबाहेरच्या चढांसाठी करावं लागतं. पुढे ४० आणि मागे ४२ दात म्हणजे गुणोत्तर ०.९५, सामानासह शालाँसोंला जायचं तर हेच जेमतेम. पुढे ३० आणि मागे ३४ दात मिळत असतील तर ०.८८ पडतं आणि गुडघे सुखी. चेनला ओलं तेल घातलं की धूळ मिसळून वाळूकागदासारखा चिखल तयार होतो. मेणाचं किंवा सुकं वंगण, आणि रोज संध्याकाळी फडक्याने पुसणं. ब्रेकच्या रेझिन पॅडचं पावसात काय होतं ते विचारू नका. ओली वाळू त्यांना खरवडून खाते, म्हणून एक जोडी जादा बाळगायची आणि मुक्कामी जाडी बघायची.

खडीच्या सततच्या थरथरीने बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि कॅरिअरचे ५ मिमीचे बोल्ट सैल होतात. निघण्याआधी आटे साफ करून निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावलं तर निम्मी कटकट जाते. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, मात्र प्रत्येक फ्रेमचा वेगळा. दरीतल्या दुकानात तुमचाच मिळेल ही आशा धरू नये; घरूनच एक आणावा. विमानाच्या खोक्यात डिरेलर सोडवून चेनस्टेला (चेनलगतच्या मागच्या नळीला) बांधायचा, डिस्क पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवायची, आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे पाना फिरवण्याआधी आठवायचं. सीओटूच्या नळकांड्या विमानतळावर अडतात, शिवाय त्या वायूने काही सीलंट घट्ट होऊन बसतं. साधा हातपंप बरा.

काही गोष्टी फ्रान्सच्या कायद्याच्या. घंटी सक्तीची, आणि आपल्याकडच्या बऱ्याच ग्रॅव्हल सायकलींना ती नसतेच. अंधारात दिवे सगळीकडे लागतात आणि वस्तीबाहेर चकाकणारं जॅकेटही. बोगद्यांसाठी दिवा हाताशी ठेवायचाच. उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत समोरचं लहान मूल दिसत नाही. रस्ता ओलांडताना पाटी बघून थांबायचं, कारण आपल्याला तिथे अग्रहक्क नसतो. उतारावर ताशी वीस किलोमीटरच्या वर जायचं नाही, या तुमच्या आग्रहाला सुरुवातीला आम्ही नाक मुरडलं होतं. पण चालणारे, कुत्री, घोडेस्वार यांचीही तीच वाट आहे, आणि सुट्या खडीवर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतंच.

ऋतूबद्दलही तुम्ही वेळीच सावध केलंत. शरदात त्या डोंगरात चेस्टनटची पानं आणि काटेरी कवचं खडी झाकून टाकतात, खालचे खड्डे दिसत नाहीत. भूमध्य समुद्राकडून येणारा सेव्हेन या डोंगराळ भागातला मुसळधार पाऊस एरिउला काही तासांत फुगवतो. हवामान खात्याचा नारिंगी इशारा असेल तर त्या दिवशी दरीत शिरायचंच नाही. शिकारीचा हंगामही तेव्हाच सुरू असतो, म्हणून भडक रंगाचे कपडे. मे-जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, ही तुमची शिफारस आम्हाला पटली.

तुमच्या टिपणांवरून टायरदाब, दातांची गणितं, बाळगायचे सुटे भाग आणि दुकानांच्या वेळा यांचा एक पानी मराठी तक्ता केलाय, सोबत जोडतोय. वरच्या टप्प्याची खडी पुन्हा दाबली गेली किंवा कुठे वळसा लागला तर कळवा, त्यात तशी दुरुस्ती करू.

आपले कृतज्ञ,
पुण्यातले खडीवरचे सायकलवाले