हिशेब मागणारा सिनेटर

मॅडिसन, विस्कॉन्सिन

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडचे लोकप्रतिनिधी पैसा मंजूर करतात ते ठीक, पण तो कुठं गेला हे नंतर कुणी बघतं का?" फोनवर दोन वाक्यांत उरकावं असा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसलो.

इथे अमेरिकेत संसदेच्या दिमतीला जीएओ नावाची लेखापरीक्षण संस्था आहे. ती १९२१ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या प्रमुखाची मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष बदलले तरी तो जागेवर राहतो. पण अहवाल कितीही चोख असला तरी तो वाचून अधिकाऱ्यांना समोर बसवणारा सभासद लागतो. असा एक सभासद या विस्कॉन्सिन राज्याने दिला, सिनेटर विल्यम प्रॉक्समायर. १९५७ पासून १९८९ च्या जानेवारीपर्यंत ते सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होते. स्वतः डेमोक्रॅट, पण उधळपट्टी दिसली की आपल्याच पक्षाच्या सरकारलाही सोडत नसत. १९७६ च्या निवडणुकीत त्यांनी हजार डॉलरसुद्धा खर्च केले नाहीत, आणि त्यातलाही बराचसा खर्च लोकांनी पाठवलेल्या देणग्या परत करायच्या टपालाचा!

लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा 'गोल्डन फ्लीस' पुरस्कार. १९७५ पासून दर महिन्याला सरकारी पैशाच्या उधळपट्टीचा एक नमुना ते जाहीर करत. पहिला मान मिळाला माणसं प्रेमात का पडतात यावरच्या ८४ हजार डॉलरच्या संशोधनाला. वर्तमानपत्रांना ते फार आवडे. मला मात्र हा त्यांचा कच्चा भाग वाटतो. संशोधनाच्या नुसत्या नावावरून त्याची किंमत ठरत नाही. ज्याच्या संशोधनाला हा 'मान' मिळाला अशा एका शास्त्रज्ञाने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. सभागृहातल्या भाषणाला संरक्षण आहे, प्रसिद्धिपत्रकाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं आणि शेवटी त्यांना तडजोड करून माफी मागावी लागली. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध घेण्याच्या नासाच्या कार्यक्रमाचा निधीही त्यांनी अडवला होता. पुढे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी भेटून समजावलं, तेव्हा त्यांनी विरोध सोडला. चूक पटल्यावर हट्ट न धरणं मला त्यांच्यात मोलाचं वाटतं.

त्यांचं खरं काम वेगळंच. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांच्या उपसमितीपुढे हवाई दलातले खर्च-विश्लेषक अर्नेस्ट फिट्झगेराल्ड साक्षीला आले. सी-५ए या अवाढव्य मालवाहू विमानाचा खर्च अंदाजापेक्षा किती वाढलाय, असं प्रॉक्समायर यांनी विचारलं. आकडा सुमारे दोन अब्ज डॉलरचा होता आणि फिट्झगेराल्ड यांनी तो नाकारला नाही. कुठे ८४ हजार आणि कुठे दोन अब्ज! हसू येईल असा खर्च पकडणं सोपं असतं. संरक्षणाच्या करारात शिरायला कागद वाचावे लागतात, आतला माणूस बोलावा लागतो, आणि ज्यांच्या मतदारसंघात कारखाने आहेत अशा सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागतो. प्रॉक्समायर यांनी ते केलं, म्हणून मी त्यांना मानतो.

फिट्झगेराल्ड यांचं काय झालं, तेही सांगतो. वर्षभरात 'काटकसर' म्हणून त्यांचं पदच रद्द केलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफितींवरून नंतर कळलं की फिट्झगेराल्ड यांना काढण्यामागे खुद्द राष्ट्राध्यक्ष होते. फिट्झगेराल्ड वर्षानुवर्षं कोर्टात लढले आणि मूळ दर्जाचं काम परत मिळालं ते १९८२ मध्ये. मला सगळ्यात जास्त हेच लागतं. प्रश्न विचारणाऱ्या सिनेटरला घटनेचं कवच आहे, खरं उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याला तेव्हा काहीच नव्हतं. साक्षीदार असा उघडा पडला तर पुढच्या वेळी समितीपुढे तोंड कोण उघडणार?

तुम्ही उभी नोकरी हिशेबतपासणीत काढलीत. टिपणावर खरा आकडा लिहिणाऱ्याच्या पाठीशी कुणी उभं राहत असे का, हे मला तुमच्याकडून सविस्तर वाचायचंय. सवडीने लिहा.

आईस नमस्कार, ताईला आशीर्वाद मागितल्याचं सांगा.

तुमचा,
नंदू