सॉफ्टवेअर विद्यापीठाचे, हे ठरवले कोणी?

संपादक महोदय,
स. न.

अभियांत्रिकी महाविद्यालये आणि विद्यापीठांचे विभाग हल्ली सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटची नोंदणी हौसेने करतात. ५०० रुपये शुल्क, ऑनलाइन अर्ज, काही महिन्यांनी प्रमाणपत्र आणि मानांकनाच्या फायलीत एका पानाची भर. ते सॉफ्टवेअर मुळात संस्थेच्या मालकीचे आहे का, हे मात्र या गडबडीत कोणी विचारत नाही.

नोंदणीमुळे कॉपीराइट निर्माण होत नाही. प्रोग्रॅम लिहिला की कॉपीराइट आपोआप मिळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीतच मोडतो. कलम ४८ प्रमाणे कॉपीराइटची नोंदवही हा फक्त प्रथमदर्शनी पुरावा. समोरच्याने उलट पुरावा आणला, तर चौकटीतल्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

मालकी ठरते कलम १७ वर. कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीचा भाग म्हणून काम केले असेल आणि वेगळा करार नसेल, तरच मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. विभागाने पगारावर नेमलेल्या प्रोग्रॅमरने प्रवेशप्रक्रियेची प्रणाली लिहिली, तर वादच नाही. पण शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी फी भरून शिकतो, तो नोकर नाही. संगणक, प्रयोगशाळा, इंटरनेट कॉलेजचे होते म्हणून त्याचा कोड कॉलेजचा होत नाही. अधिछात्रवृत्ती घेणाऱ्या संशोधकाचेही साधारण तेच, फक्त अनुदान देणाऱ्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा प्रश्न आणखी नाजूक. लंडन विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांवरून १९१६ साली इंग्लंडमध्ये गाजलेल्या खटल्यात न्यायालयाने हेच म्हटले होते, की मानधनावर प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक विद्यापीठाचे नोकर नव्हेत, म्हणून पहिला कॉपीराइट त्यांचा. आपल्याकडे वर्षानुवर्षे तासिकांवर राबवून घ्यायचे आणि कोडवर मात्र मालक म्हणून हक्क सांगायचा, हे दोन्ही एकदम कसे चालेल?

मार्गदर्शकांबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. विषय सुचवला, आठवड्याला प्रगती पाहिली, एवढ्याने कोणी कोडचा कर्ता होत नाही. तरीही अर्जात कर्त्यांच्या रकान्यात पहिले नाव बहुधा सरांचे किंवा मॅडमचे असते, आणि रात्र रात्र जागून कोड लिहिणारी मुले खाली ‘व इतर’ होतात.

यावर उपाय कागदाचाच आहे: लेखी आणि सहीचे हस्तांतरणपत्र. ‘सर्व हक्क विद्यापीठाकडे राहतील’ ही प्रवेश अर्जातली एक ओळ पुरत नाही. कलम १९ प्रमाणे कृती कोणती, कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहावे लागते. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणखी एक अट सहसा कोणी वाचत नाही: मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास तो हक्क कर्त्याकडे परत जातो. प्रकल्प जमा करून कपाटात ठेवणाऱ्या विभागांना हे थेट लागू पडते. हे पत्र विषय निश्चितीच्या वेळीच घ्यावे. निकालानंतर चौघांपैकी एक बेंगळुरूला, एक जर्मनीत, आणि नोंदणीच्या अर्जासोबतच्या ना हरकत पत्रावर सह्या मात्र प्रत्येक कर्त्याच्या लागतात.

कोणी काय लिहिले याची नोंद गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत, आपोआप राहते, अट एवढीच की प्रत्येकाने आपापल्या नावाने आणि ईमेलने काम चढवावे. प्रत्यक्षात लॅबच्या एकाच लॉगिनवरून, सादरीकरणाच्या आदल्या रात्री, सगळी झिप फाइल एकदम चढवली जाते. मग कर्ता शोधायचा कुठे?

नोंदणीचा अर्ज चौदाव्या नमुन्यात भरायचा असतो. सोबत सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुराची, पहिली १० आणि शेवटची १० पाने लागतात. एकूण २० पेक्षा कमी असतील तर सगळी. कोणताही भाग काळा करून चालत नाही, म्हणून डेटाबेसचे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या (की) कोडमधूनच आधी काढाव्यात. फायली वर्णक्रमाने छापल्या की पहिल्या दहा पानांत अनेकदा इंटरनेटवरून घेतलेली लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) किंवा साधनाने आपोआप तयार केलेला कोडच येतो. म्हणजे ज्यावर आपला हक्क नाही, तेच आपले म्हणून दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाला पाठवायचे! स्वतः लिहिलेले मुख्य भाग आधी घ्यावेत. पुढच्या तपशीलपत्रात कृती मूळ आहे की रूपांतर, हेही विचारलेले असते. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालील, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून ‘मूळ’वर खूण करणे हे खोटे निवेदन आहे. वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीची, तिच्या आवृत्तीची आणि परवान्याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी.

अर्जदार कोण, इथेही घोळ होतो. सार्वजनिक विद्यापीठ स्वतः कायदेशीर व्यक्ती आहे. संलग्न महाविद्यालय सहसा नसते. ते चालवणारी नोंदणीकृत संस्था असते. त्यामुळे मालक म्हणून ‘प्राचार्य’ लिहिणे चुकीचे. अर्ज केल्यावर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. या काळात एखाद्या माजी विद्यार्थ्याची हरकत आली, तर वरचे सगळे कागद काढून दाखवावे लागतात.

फायलींची नीट नोंद कशी कामी येते, याचे एक उदाहरण. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या युनिक्स या संगणक कार्यप्रणालीवर आधारलेले आपले सॉफ्टवेअर वाटले, तेव्हा एटी अँड टीच्या उपकंपनीने १९९२ साली दावा लावला. १९९४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी फक्त ३ काढाव्या लागल्या आणि ७० फायलींत कंपनीची कॉपीराइट सूचना घालावी लागली. शिवाय आपल्या सूचना काढून आपला कोड वापरल्याचा उलट दावा विद्यापीठानेच कंपनीवर केला होता. कोणती फाइल कोणाची, हे सांगता आले म्हणून हे जमले. आपल्याकडच्या फायलींच्या माथ्यावर वर्ष आणि मालकाचे नाव घालायला दोन ओळी लागतात. त्याही घातलेल्या दिसत नाहीत.

राज्यातील विद्यापीठांनी हस्तांतरणपत्राचा मराठी नमुना संकेतस्थळावर टाकावा, तो प्रकल्पाच्या विषय निश्चितीच्या अर्जाला जोडावा, आणि सॉफ्टवेअर विकले गेल्यास विद्यार्थ्याचा वाटा किती, तो आकडा त्यात छापावा. आकडा नसेल, तर विद्यार्थ्यांनी सही करू नये.

– संगणकशास्त्राचा एक अध्यापक, पुणे