आजोबांच्या दुनळीचा रंग

बर्मिंगहॅम

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या आजोबांच्या बारा बोअर दुनळीची छायाचित्रे पोहोचली. डाव्या हाताच्या पकडीपाशी नळ्यांचा रंग पार उडालेला आहे, टोकाकडे तांबूस गंज धरला आहे, आणि ओळखीचा एक कारागीर ती दोन दिवसांत नव्यासारखी काळी करून देतो म्हणतो, हे वाचून मी त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो. बंदूक त्याच्याकडे इतक्यात देऊ नकोस.

एवढ्या झटपट होणारे काम बहुधा गरम क्षारांचे असते. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे द्रावण सुमारे १४० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात नळ्या बुडवल्या, की थोड्याच वेळात गडद काळा रंग चढतो. एका नळीच्या रायफलीला ते चालते. दुनळीच्या नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या मात्र शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. तो डाख त्या उष्णतेने वितळत नाही, पण कॉस्टिक सोडा त्याला खातो, आणि पट्टीखाली शिरलेला क्षार कितीही धुतला तरी पुरता निघत नाही. गेल्या हिवाळ्यात अशा काळ्या केलेल्या नळ्या माझ्याकडे आल्या होत्या. दोरीला टांगून हलकेच टिचकी मारली, तेव्हा घंटेसारखा नाद उमटण्याऐवजी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. पट्टी अर्ध्या लांबीपर्यंत सुटली होती. त्या मालकाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

जुन्या इंग्रजी दुनळ्यांचा रंग मुळात गंजातूनच घडवलेला असतो. नळ्यांची तोंडे लाकडी खुंट्यांनी बंद करून, तेलाचा लवलेश न ठेवता, उघड्या बोटाचा स्पर्शही न होऊ देता त्यांवर सौम्य आम्लाचा पातळ हात देतात आणि त्या दमट पेटीत ठेवतात. काही तासांनी बारीक तांबडा गंज फुलतो. मग नळ्या ऊर्ध्वपातित पाण्यात उकळायच्या, की तो तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. वरची भुकटी अतिबारीक पोलादी लोकरीने झाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सहा-आठ फेऱ्यांनंतर जो निळसर काळा, किंचित मऊ झळाळीचा रंग येतो, त्याची सर गरम क्षारांच्या रंगाला येत नाही असे माझे ठाम मत आहे. तुमच्या सावंतवाडीच्या आषाढात तर दमट पेटीचीही फारशी गरज भासू नये.

खरी कसोटी त्याआधी, जुना रंग काढताना लागते. फिरत्या चाकावर घासलेल्या नळीच्या कडा गोल होतात, कोरीव अक्षरे पुसट होतात आणि भिंतीची जाडी घटते. ही जाडी कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली, तर आम्ही त्या बंदुकीकडे संशयानेच पाहतो. म्हणून जाडी आधी मोजून घ्यावी, आणि मग लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून, नळीच्या लांबीच्या दिशेने, हातानेच घासावे. ४०० नंबरच्या पुढे जाऊ नये, कारण आरशासारख्या गुळगुळीत पोलादावर गंज नीट धरत नाही.

चापावरच्या पोलादी पेटीला मात्र हात लावू देऊ नकोस. तिच्यावरचे निळे-तपकिरी ढग हाडांच्या व लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्याने आलेले असतात; ते फिके पडले असले तरी पुन्हा तापवल्यास पेटी वाकण्याची भीती असते, आणि मग नळ्या तिच्यात पूर्वीसारख्या बसत नाहीत. ती रुपेरी छटा आजोबांच्या हातांनी आणली आहे. ती तशीच राहू दे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा परवाना असलेल्याच कारागिराकडे काम द्यावे लागते, तेव्हा त्याचा परवाना आधी पाहा. आणि घासकाम सुरू होण्यापूर्वी नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे ठसे जवळून टिपून मला पाठव. ते १८१३ साली स्थापन झालेल्या इथल्या चाचणीगृहाचे असतील, तर ती कोणत्या दारूच्या काडतुसांसाठी तपासली होती हे मला बहुधा सांगता येईल.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
माधव