क्वचित दिसणाऱ्या इशाराफलकांविषयी रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय रस्ते वाहतूक मंत्री

विषय : क्वचित दिसणाऱ्या इशाराफलकांसाठी वेगळा नियम करण्याबाबत

महोदय,

काही वर्षांपूर्वी एका लांब पुलाच्या अलीकडे मला लाल काठाचा एक त्रिकोणी फलक दिसला. त्यात खांबाला बांधलेली आणि वाऱ्याने आडवी फुगलेली कापडी नळी काढली होती. अशी नळी मी तोवर फक्त धावपट्टीच्या कडेला पाहिली होती, त्यामुळे जवळपास विमानतळ असावा असा समज करून घेऊन मी आकाशाकडे एक नजर टाकली आणि वेग होता तसाच ठेवला. पुलाच्या मध्यावर बाजूच्या वाऱ्याने गाडी शेजारच्या मार्गिकेत जवळजवळ ढकललीच, तेव्हा त्या चित्राचा अर्थ उमगला. फलक योग्य जागी होता, नियमानुसार होता आणि स्वच्छही होता. एवढे सगळे असूनही त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

वळण, शाळा, गतिरोधक, अरुंद पूल ही चिन्हे चालकाला पाठ असतात. परवान्याच्या परीक्षेसाठी ती घोकलेली असतात आणि नंतर रोजच्या प्रवासात इतक्या वेळा समोर येतात की त्यांचा अर्थ लावावाच लागत नाही. आडवा वारा, पाण्यात उतरणारा धक्का, खाली उतरणारी विमाने, रस्ता ओलांडणारे रणगाडे किंवा बेडूक यांची चिन्हे मात्र एखाद्याला दहा वर्षांत एकदा दिसतात, आणि ज्या दिवशी दिसतात त्या दिवशी ती पाठ असण्याची शक्यता जवळपास नसते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. चालक चित्राचे कोडे सोडवण्यात तीन सेकंद गुंतला, तर 66 मीटर रस्ता मागे पडलेला असतो. म्हणून माझी विनंती एकच आहे : क्वचित दिसणारा फलक लावताना चालकाला त्याचा अर्थ ठाऊक नाही असे गृहीत धरावे, आणि त्या गृहीतकाप्रमाणे अशा फलकांचा नियम वेगळा करावा.

रस्त्यांवरील धोक्याच्या चिन्हांविषयी पहिला आंतरराष्ट्रीय करार 1909 साली पॅरिस येथे झाला, तेव्हा केवळ चार चिन्हे ठरली होती : उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचे फाटक. चार चिन्हे कोणालाही लक्षात ठेवता येतात. 1968 च्या व्हिएन्ना करारापर्यंत ही यादी पुष्कळ वाढली. लाल काठाचा त्रिकोण किंवा पिवळा चौकोन कोनावर उभा, असे दोन्ही आकार त्या कराराने मान्य केले. त्याच करारात एक शहाणपणाचे कलमही आहे, ज्याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते. इशाराफलकांची संख्या विनाकारण वाढवू नये, आणि सावधपणे गाडी चालवणाऱ्यालाही जो धोका वेळेवर ओळखणे अवघड जाईल त्या धोक्यासाठीच ते लावावेत, असा त्या कलमाचा आशय आहे. जर्मन भाषेत तर फलकांच्या गर्दीला ‘शिल्डरवाल्ड’ म्हणजे फलकांचे जंगल असा शब्दच रूढ झाला आहे. जंगलातले एखादे वेगळे झाड ओळखायला थांबावे लागते, आणि रस्त्यावर थांबायची सोय नसते.

चिन्ह न कळण्याचा सर्वांत बोलका प्रसंग 2022 साली बेंगळुरूमध्ये घडला. तेथील एका चौकाजवळच्या त्रिकोणी फलकावर केवळ काळे ठिपके होते. एका नागरिकाने त्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून हे काय आहे असे विचारले, आणि रस्त्यावर अंध व्यक्ती असण्याची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ वाहतूक पोलिसांना सांगावा लागला. पोलिसांनी उत्तर दिले हे चांगलेच झाले, परंतु दृष्टी असलेल्या हजारो लोकांना जो फलक वाचता आला नाही, तो त्या अंध पादचाऱ्याचे रक्षण कसे करणार होता? जर्मनीत पिवळ्या पट्टीवरचे तीन काळे ठिपके ही अंध व्यक्तींनी दंडावर बांधायची ओळखखूण आहे. ज्याला तो संकेत माहीत आहे त्याला ठिपक्यांवरून काही तरी सुचू शकेल, इतरांच्या दृष्टीने ते निव्वळ ठिपकेच. याउलट नदीकाठी किंवा बंदरात लावायचा फलक पाहावा. काठावरून मोटार पुढे झुकून लाटांत पडते आहे, एवढेच त्यात असते. तो जन्मात एकदाच पाहिला तरी पुरे, कारण त्याचा अर्थ शिकवावा लागत नाही, लहान मूलसुद्धा तो सांगेल. नवे चिन्ह मंजूर करण्यापूर्वी ते त्या खात्याशी संबंध नसलेल्या माणसांना दोन सेकंद दाखवावे आणि ‘हे पाहून तुम्ही काय कराल?’ एवढे विचारावे. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न परीक्षेचा आहे. रस्त्यावर अर्थ सांगता येण्यापेक्षा पाय ब्रेककडे जाणे महत्त्वाचे असते.

अर्थात चित्र बोलके असले म्हणजे सगळे साधले असेही नाही. ब्रिटनमध्ये काठी टेकत जाणाऱ्या वाकलेल्या जोडप्याचा फलक आहे, तो 1981 मध्ये मुलांसाठी घेतलेल्या स्पर्धेतून निवडला गेला. तो चटकन समजतो, पण सगळे वृद्ध असे वाकलेले आणि दुबळे दाखवणे अपमानकारक आहे, अशी तक्रार ज्येष्ठांच्या संघटना अनेक वर्षे करत आल्या आहेत, आणि ती रास्त आहे असे मला वाटते. तरीही त्या फलकाच्या व्यवस्थेतली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तेथे अंध किंवा अपंग व्यक्तींसाठी निराळे कोडे न रचता त्याच चित्राखाली शब्दांची पाटी लावण्याची सोय ठेवली आहे.

दुर्मिळ फलकांचा विषय निघाला की कॅलिफोर्नियाचा फलक मला आधी आठवतो. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या महामार्गावर 1980 च्या दशकाच्या अखेरीस रस्ता पायी ओलांडणारी स्थलांतरित माणसे वाहनांखाली सापडून मरत होती. तेथील परिवहन खात्यात काम करणारे चित्रकार जॉन हूड यांनी 1990 च्या सुमारास एक फलक तयार केला : पिवळ्या पार्श्वभूमीवर पुढे झेपावलेला बाप, त्याच्या मागे आई, आणि आईने हाताला धरून ओढत नेलेली मुलगी, जिच्या वेण्या हवेत उडत आहेत. वर एकच शब्द, ‘सावधान’. भरधाव रस्त्यावर कुटुंब धावत आहे, हे त्या आकृतीतून क्षणात पोहोचते. पादचाऱ्याच्या नेहमीच्या संथ आकृतीने ते कधीच पोहोचले नसते. पुढे हे चित्र सदऱ्यांवर छापले गेले, स्थलांतरितांच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे वापरले गेले, आणि काही लोकांना ते माणसांना जनावरांच्या रांगेत बसवणारे वाटले. एवढा वाद होऊनही खात्याने त्याबाबत जे केले ते मला अनुकरणीय वाटते. महामार्गाच्या मध्यभागी कुंपण उभे राहिले, तेथून रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या घटली, आणि नाहीसे झालेले फलक पुन्हा न लावण्याचे ठरले. अखेरचा फलकही 2018 पर्यंत नाहीसा झाला होता. धोका ओसरल्यावर फलकही गेला पाहिजे, हे आपल्या खात्याच्या नियमपुस्तकात स्पष्ट शब्दांत यावे, कारण फलक लावण्याचा आदेश काढणारा कोणी तरी असतो, उतरवण्याचा आदेश काढणारा सहसा कोणी नसतो.

काळाचे भान ठेवणारे फलकही जगात आहेत. ब्रिटनमध्ये भेकांचा, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांचा फलक फेब्रुवारी ते मे या काळातच उघडा ठेवता येतो, कारण वसंताच्या ओलसर रात्री हे प्राणी अंडी घालण्यासाठी तळ्यांकडे निघतात आणि एरवी त्यांचा रस्त्याशी फारसा संबंध नसतो. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर लाल खेकड्यांचे लोंढे समुद्राकडे निघतात तेव्हा केवळ फलकावर भिस्त न ठेवता काही रस्ते बंदच केले जातात आणि खेकड्यांसाठी रस्त्यावरून पूलही बांधलेला आहे. याउलट बारा महिने उभ्या असलेल्या प्राण्यांच्या फलकाची नजरेला सवय होते, आणि ज्या पहाटे प्राणी खरोखर समोर येतो त्या पहाटे फलक असून नसल्यासारखा असतो. हंगामी धोक्याचा फलक हंगाम संपताच झाकता किंवा दुमडता आला पाहिजे. त्यासाठी वेगळे तंत्रज्ञान लागत नाही, एक बिजागरी आणि जबाबदार माणूस पुरतो.

काही फलक मात्र इतके प्रसिद्ध झाले आहेत की ते आता इशारा कमी आणि आठवणीची वस्तू अधिक ठरतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात वस्तीच्या हद्दीवर काळ्या त्रिकोणात पांढरे ध्रुवीय अस्वल आहे आणि खाली ‘संपूर्ण स्वालबार्डसाठी लागू’ अशा अर्थाची पाटी आहे. ही पाटी मला फार आवडते, कारण धोका एका वळणापुरता नाही हे ती स्वच्छ सांगते. परंतु पर्यटक तेथे प्रामुख्याने छायाचित्रासाठी उभे राहतात. नॉर्वे आणि स्वीडनमधील मूस या मोठ्या हरणाचे फलक तर पर्यटक उचकटून घरी नेतात. चोरीला गेलेल्या फलकाच्या जागी धोका तसाच राहतो, एवढे त्या हौशी मंडळींच्या लक्षात येत नाही. जे चिन्ह लोकांना आवडेल असे दिसते त्याच्या प्रतिकृती खात्यानेच विकायला ठेवाव्यात आणि मूळ फलक साध्या पान्याने निघणार नाही असा बसवावा.

शब्दांविषयी थोडे अधिक लिहितो. आइसलँडमध्ये एकेरी पुलाच्या फलकाखाली ‘आइनब्रेइद ब्रू’ असे लिहिलेले असते. तेथील माणसाला ते पुरते, पाहुण्याला चित्रावरच अवलंबून राहावे लागते. म्हणून चित्र की शब्द हा वाद निरर्थक आहे. दुर्मिळ फलकाला दोन्ही हवेत, आणि शब्द त्या भागातल्या लोकांच्या भाषेत, दोन-तीनच, लांबून वाचता येतील अशा अक्षरांत हवेत. धोका किती अंतरापर्यंत आहे हा आकडाही खाली असावा. मजकूर मात्र ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा. 2008 साली वेल्समधील स्वॉन्सी येथे एका रस्त्याच्या फलकावर इंग्रजी सूचनेखाली वेल्श भाषेत ‘मी सध्या कार्यालयात नाही’ असे झळकले होते, कारण अनुवादकाकडून आलेले स्वयंचलित उत्तर कोणी न वाचताच रंगवले होते.

जेथे बोलके चित्र सुचत नाही तेथे नवे चिन्ह काढण्याचा मोह टाळावा. उद्गारचिन्हाचा त्रिकोण ‘इतर धोका’ यासाठी आधीपासून उपलब्ध आहे. त्याखाली धोक्याचे नाव लिहिले की ठिपक्यांची गरज उरत नाही. नाव न लिहिता नुसते उद्गारचिन्ह लावणे मात्र चालकाला विनाकारण घाबरवून सोडणे आहे, त्यास मनाई असावी. तसेच आज उभ्या असलेल्या दुर्मिळ फलकांची रस्तानिहाय यादी करून प्रत्येकापुढे तो कोणत्या धोक्यासाठी आणि केव्हा लावला हे नोंदवावे, म्हणजे कोणते उतरवायचे हे ठरवणे सोपे जाईल.

त्या पुलावरून मी आजही जातो. कापडी नळीचा फलक तेथे आहे, खाली पाटी नाही. नव्या नियमाची वाट न पाहता त्याखाली ‘आडवा जोरदार वारा’ एवढे शब्द आणि पुलाची लांबी लिहून घ्यावी, ही या पत्रातील पहिली मागणी समजावी.

आपला नम्र,
एक वाहनचालक